दादांच्या वहीतल्या दुरुस्त्या

थोरल्या भावासाठी वही घ्यायला मी जुन्या जालन्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो, तेव्हा मार्च संपत आला होता. वही कितवीच्या मुलासाठी, असं दुकानदाराने विचारलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसासाठी, असं सांगितल्यावर त्याने काउंटरवर पाच-सहा प्रकार मांडले.

निवडीला मी बराच वेळ घेतला. एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर मी अठ्ठावीस वर्षं उपसंपादक होतो आणि जवळपास तेवढीच वर्षं स्वतःची रोजनिशी लिहीत आलो आहे. वह्यांबद्दल माझी मतं ठरलेली आहेत. बियाणे कंपन्या वर्षाच्या शेवटी वाटतात त्या डायऱ्या मी स्वतः वापरतो. पण त्यांत प्रत्येक पानावर तारीख आणि वार छापलेला असतो, आणि दादांनी तो स्वतः आठवून लिहावा असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. स्पायरलची वही नको, कारण तिचं एखादं पान काढून टाकलं तर कळत नाही. शंभर पानी शाळकरी वहीला घरात किंमत नसते. तिच्यावर कोणीही किराण्याची यादी लिहितं. लांबट रजिस्टर पाहून दादा म्हणाले असते, हे तलाठ्याला नेऊन दे. शेवटी दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली वही घेतली. ओळी रुंद होत्या आणि डाव्या बाजूला चांगला दोन बोटं समास होता. समास हवाच, असं मी दुकानदाराला दोनदा सांगितलं.

दादा टेंभुर्णीत राहतात. घरची शेती आहे, मुलगा नोकरीमुळे बाहेरगावी, घरात ते आणि वहिनी दोघंच. त्या जानेवारीत त्यांनी अळीचं औषध समजून हरभऱ्यावर तणनाशक फवारलं. आठवडाभरात उभं पीक पिवळं पडून वाळलं. डबे शेजारी शेजारी ठेवले की असं कोणाचंही होतं, असं गावात लोक म्हणाले. मलाही ते पटलं होतं. पण दादा फोनवर म्हणाले, "मी फवारलंच न्हाई. आठ दिस झाले, मी तिकडं गेल्तोच न्हाई." वहिनींनी त्यांना पाठीवर पंप घेऊन जाताना पाहिलं होतं.

जालन्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, "रोज पाच ओळी लिहू द्या. तारीख, वार, काय खाल्लं, कोण आलं, काय काम केलं. तीन महिन्यांनी वही घेऊन या. मग ठरवू." वहीत ते नेमकं काय पाहणार आहेत, हे मी विचारलं नाही. एखाद्या बातमीदाराने हा प्रश्न न विचारता कॉपी, म्हणजे बातमीचा लिहिलेला मजकूर, दिली असती, तर मी ती परत पाठवली असती.

वही हातात दिली तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी ती उघडली, वास घेतला, मिटली.

"या वयात पाटीपूजन करून राह्यला का माझं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, दादा. रोज पाच ओळी."

"मी लिहिन ते छापणार हाय का तू?"

"छापायला वाचण्यासारखं लागतं," वहिनी आतून म्हणाल्या.

"मंग याच्या पेपरात इतके वर्षं काय छापून येत व्हतं?" दादा म्हणाले. तिघंही हसलो. त्या घरात आम्ही तिघं एकत्र हसल्याची माझ्याकडची ती शेवटची नोंद आहे.

दर मंगळवारी जायचं मी ठरवलं. पहिल्या मंगळवारी वहीत पाच दिवसांच्या नोंदी होत्या. अक्षर मोठं, उजवीकडे चढत गेलेलं. 'आज सोमवार. भाकर ठेचा वरण. मोटार बंद पडली. मानूस बोलावला. बायको कावली.' मजकूर जिवंत होता. मी तो वाचला आणि वही परत दिली.

दुसऱ्या मंगळवारी एका नोंदीत होतं: 'आज शुक्रवार. धाकटे काका आल्ते. चहा झाला. मक्याचं बोलणं झालं.' वर लिहिलेल्या तारखेला शनिवार होता. धाकटे काका वारले त्याला सहा वर्षं झाली होती.

माझ्या खिशात लाल पेन होतं. निवृत्त झाल्यावरही ते असतं. मी 'शुक्रवार'भोवती गोल केला आणि समासात 'शनिवार' लिहिलं. काकांच्या ओळीखाली रेघ ओढली आणि समासात 'तपासा' असं लिहिलं. डेस्कवर शंकास्पद मजकुराशेजारी आम्ही हाच शब्द लिहीत असू. विचार करून मी हे केलं, असं म्हणता येणार नाही. हाताने ते केलं.

दादा पाहत होते. "हे काय तपासायचं?"

"काका गेले ना, दादा. खांदा तुम्हीच दिला होता."

त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बराबर हाय. लिहिताना हात चुकला."

त्या दुपारी ते जेवले नाहीत. ऊन लागलं असेल, असं वहिनी म्हणाल्या. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'टेंभुर्णी. दादांच्या वहीत दोन चुका. दोन्ही दाखवल्या. त्यांनी मान्य केल्या.'

पुढच्या मंगळवारी सहा चुका होत्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी चार. मी प्रत्येक वेळी पेन काढत होतो. एकदा दादांनी जेवणात पुरणपोळी लिहिली होती. वहिनी म्हणाल्या, पिठलं होतं. मी पुरणपोळी खोडून पिठलं केलं. एकदा त्यांनी विकून दोन वर्षं झालेल्या बैलाला पेंड घातल्याचं लिहिलं होतं. मी तीही ओळ सुधारली. मे महिन्याच्या मध्यावर वहीत एकच चूक सापडली आणि जून लागल्यावर एकही नाही. वाक्यं आखूड झाली होती, अक्षर सरळ झालं होतं. 'सकाळी उठलो. चहा घेतला. शेतात गेलो. ऊन होतं. जेवण झालं.' मी रोजनिशीत लिहिलं: 'दादांची कॉपी स्वच्छ.'

त्या पानांवर मला जे दिसायला हवं होतं, ते आज लिहायला सोपं आहे. सात दिवसांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या. दीड महिन्यात त्या घरी एकही माणूस आला नव्हता. एकही भांडण झालं नव्हतं, मोटार बिघडली नव्हती. वहीतल्या एकाही वाक्याची खातरजमा करता आली नसती, कारण खातरजमा करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. डेस्कवर नव्याने आलेल्यांना मी सांगत असे की ज्या बातमीवर एकही शंका घेता येत नाही, ती आधी बाजूला काढून ठेवा. दादांची वही मी बाजूला काढली नाही. जूनच्या शेवटी ती घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पानं चाळली. "हे लाल कोणाचं?"

"माझं."

"पुढे कमी होत गेलंय."

"हो. आता महिनाभरात एकही चूक नाही."

त्यांनी दादांना तारीख विचारली, वार विचारला, आपण कोणत्या गावात बसलो आहोत ते विचारलं. दादांनी तिन्ही उत्तरं अचूक दिली. वहिनी त्या वेळी खाली बघत होत्या. सकाळपासून त्यांनी ही तीन उत्तरं घोकून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "वयानुसार थोडं विसरणं होतंच. इतक्यात गोळी नको. मोटारसायकल गावातल्या गावात चालवू द्या. सहा महिन्यांनी दाखवा."

बाहेर आल्यावर दादांनी विचारलं, "पास झालो का मी?"

"झालात."

"मंग पेढे आण की. नुसता काय उभा राह्यला?"

मी पेढे आणले. वहिनींनी घेतला नाही.

पंचमीला चार दिवस असताना सकाळी पावणेअकराला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे तिकडं आल्ते का?"

"नाही. काय झालं?"

"आठ वाजता गाडी घेऊन गेले. शेतात जातो म्हनले. शेतात न्हाईत. मोबाईल घरीच हाय."

"कुठे जायचं काही बोलले होते का?"

त्यांनी आवाज खाली केला. मग म्हणाल्या, "वहीत लिहिलेलं हाय."

"वही मी परवाच पाहिली. तिच्यात काही नव्हतं."

"तिच्यात न्हाई, भाऊजी. दुसरीत."

तेव्हा मला कळलं की वह्या दोन होत्या. मी 'तपासा' लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी गावातल्या दुकानातून शंभर पानी शाळकरी वही आणली होती. मनात येईल ते ते रोज तिच्यात लिहीत. सुरुवातीला चांगल्या वहीत ते स्वतःच उतरवत; मे लागल्यावर सोमवारी संध्याकाळी वहिनी ती घेऊन बसू लागल्या. जे लाल होईल असं वाटे ते गाळत, राहिलेलं दादा चांगल्या वहीत उतरवून काढत. मंगळवारी मी ते वाचत असे.

"तुम्ही लाल केलं की हे दोन-दोन दिस जेवत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "मी काय करू मंग? सांगा तुम्ही."

"वहिनी, वाचा. काय लिहिलंय?"

"'बाईला पंचमीला आणायचं. उद्या वाटूरला मुराळी जायचं.'"

"हे कधीचं?"

"कालचं." पानं उलटल्याचा आवाज आला. "परवाचं बी हेच हाय. त्याच्या आधीचं बी. बारा दिस झाले, रोज हेच लिहून राह्यले."

सासरी असलेल्या बहिणीला सणासाठी माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. बाई म्हणजे आमची सगळ्यांत मोठी बहीण. तिचं सासर वाटूरला होतं आणि तिला आणायला दरवर्षी दादाच जात. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. ही ओळ लाल झाली असती, म्हणून वहिनींनी ती प्रत्येक सोमवारी गाळली होती.

टेंभुर्णी जालन्याच्या एका बाजूला आहे आणि वाटूर दुसऱ्या. मोटारसायकलवर तिकडे जायचं तर जालना ओलांडून जावं लागतं. म्हणजे सकाळी केव्हातरी ते माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या रस्त्याने, ट्रकांच्या मधून, पुढे गेले होते. मी भाड्याची गाडी केली. वाटेत प्रत्येक ठिकाणी, जिथे चार माणसं रस्त्याच्या कडेला उभी दिसली, तिथे ड्रायव्हरला वेग कमी करायला सांगितला. अशा दोन ठिकाणी थांबलो. एकीकडे उलटलेला टेम्पो होता, दुसरीकडे माणसं नुसती उभी होती.

बाईच्या सासरचं घर बंद आहे. भाचे शहरात गेले. दादा त्या बंद घराच्या पायरीवर बसले होते. मोटारसायकल भिंतीला लावलेली होती, तिचा उजवा आरसा तुटलेला होता. त्यांच्या पँटीचा गुडघा फाटून रक्त वाळलं होतं. कुठे पडलात, असं विचारल्यावर त्यांनी गुडघ्याकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्याचं काही होतं. मांडीवर पिशवी होती आणि तिच्यात वहिनींची कोरी साडी, घडी न मोडलेली.

"तू कशाला आला? मुराळी एकच जात असतो."

"घरी चला, दादा."

"बाई आवरून राह्यली. थांब दोन मिनिट."

दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज होता. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. समोरच्या घरातल्या बाईने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि हळूच सांगितलं की हे दहा वाजल्यापासून बसलेत, दर थोड्या वेळाने दार वाजवतात. पंधरा-वीस मिनिटांनी दादा स्वतःच उठले.

"जल्दी चल," ते म्हणाले. "अंधार पडून राह्यला."

दुपारचे अडीच वाजले होते.

डॉक्टरांकडे या वेळी मी शाळकरी वही नेली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. बाहेर पेशंट बसले होते, तरी वाचली. तिच्यात धाकटे काका आणखी पाच वेळा आले होते. बैलाला रोज पेंड घातली होती. एका पानावर वार लिहायच्या जागी सात वार एकाखाली एक लिहून सहा खोडले होते, आणि उरलेला चुकीचा होता. मेच्या अखेरीस एका ठिकाणी फक्त एवढंच होतं: 'घरात एक बाई हाय. चांगली हाय. कोन हाय इचारायला लाज वाटते.' ते पान वहिनींनी सोमवारी वाचलं असणार. त्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही आधी आणायला हवी होती."

"किती फरक पडला असता?"

"ते आता कोणी सांगू शकत नाही. लवकर गोळी सुरू केली तर काही काळ माणूस आहे तिथे टिकून राहतो. प्रत्येकाच्या बाबतीत नाही, पण राहतो. सुरुवात या वहीत आहे. एप्रिलपासून."

गोळी सुरू झाली. मोटारसायकल मुलगा येऊन घेऊन गेला. दादांना एकटं शेतात पाठवू नका आणि ते लिहितात त्याला कोणी हात लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसरी सूचना त्यांनी माझ्याकडे बघून दिली.

समासवाली वही आता माझ्या कपाटात आहे. तिची एकशे चाळीस पानं कोरी आहेत. दादा शाळकरी वहीतच लिहितात. रोज सकाळी सात वाजता वहिनी आदल्या दिवशीची नोंद मला फोनवर वाचून दाखवतात आणि मी ती माझ्या रोजनिशीत शब्दाला शब्द उतरवून घेतो. तारीख चुकली असेल तर चुकलेलीच लिहितो. ही सोय आम्ही वाटूरनंतर केली. ते कुठे जाणार आहेत, हे ते फक्त त्या वहीतच सांगतात.

पंचमी झाली तशी बाईची ओळ थांबली. आठ-दहा दिवस नोंदी साध्या होत्या. मग एका सकाळी वहिनींनी वाचलं: 'उद्या विहिरीवर आबाला भाकर न्यायची.'

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तीस वर्षांवर झाली. आमच्या शेतात तीन विहिरी आहेत; तिन्ही त्यांनी हाताने खणल्या, आणि खणणं चालू असताना दहा-अकरा वर्षांचे दादा दुपारची भाकर घेऊन जात. काठावरून हाक मारत, दोराला बांधून खाली सोडत. हे दादांनीच मला लहानपणी सांगितलेलं आहे.

"कोणती विहीर?" मी विचारलं.

"ते लिहिलं न्हाई."

तीच ओळ दुसऱ्या दिवशीही होती आणि तिसऱ्या दिवशीही. आम्ही वेल्डर गाठला. दोन विहिरींवर लोखंडी जाळी बसवून घेतली. तिसरी विहीर सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत रुंद. तिला कठडा नाही. यंदा पाऊस बरा झाला आहे. पाणी वरून हातभर खाली आहे. तिच्यासाठी मोठी जाळी लागते, ती वेल्डरकडे आठवडाभर पडून आहे. कधी लाइट नसते, कधी माणूस नसतो. दरम्यान दादा रोज दुपारी चुलीजवळून एक भाकर उचलतात, फडक्यात बांधतात आणि दाराशी बसतात. वहिनी उंबऱ्यात बसून राहतात. संध्याकाळ झाली की त्या फडकं सोडून भाकर परत टोपल्यात ठेवतात.

आज सकाळी फोन वेळेवर आला. वहिनींनी नोंद वाचली.

"'आबाला भाकर दिली. आबा म्हनले, खाली ये.'"

मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. शब्द तेच होते.

"काल बाहेर गेले होते का?"

"बिलकुल न्हाई, भाऊजी. मी दारातच व्हते."

"दिवसभर?"

"डोळा लागला असंल घटकाभर. पण हे तिथंच बसून व्हते. मी उठले तवा बी तिथंच. सांजंला फडकं सोडायचं तेवढं राह्यलं माझ्याकडून."

"फडकं बघा."

त्यांनी फोन खाली ठेवला. भांड्यांचा आवाज आला, मग टोपलं सरकवल्याचा. त्या परत यायला बराच वेळ लागला.

"फडकं न्हाई," त्या म्हणाल्या. "भाकर बी न्हाई. ह्यांच्या पायाला चिखल हाय."

"दादा आत्ता कुठे आहेत?"

"ओट्यावर. चहा घेऊन राह्यले."

"त्यांच्याजवळ जाऊन बसा. उठू नका."

नोंद वहिनींनी वाचली तशी मी लिहून घेतली. नंतर वेल्डरला फोन केला. जाळी सोमवारी मिळेल, असं तो म्हणाला. आज गुरुवार आहे. पावणेआठची एसटी आहे. मी चार दिवसांचे कपडे घेऊन निघतो आहे.